तापली की रुसणारी गाडी

गॅरेजात गाडी दुरुस्त होते आणि मालक ती घेऊन जातो. पण दुरुस्त होईपर्यंत जो तो तिच्याविषयी जे काही बोललेला असतो, ते मात्र कुणीच घेऊन जात नाही. ते तिथंच पडून राहतं, जुन्या टायरांशेजारी. आमच्या रामनगरच्या गॅरेजात असं बरंच साठलंय आणि त्यातलं निम्मं एकाच गाडीचं आहे. संतूच्या!

आधी माझं सांगते. सहा वर्षं चेन्नईला राहून मी इंजिनिअरिंग शिकले. सोबतचे सगळे मोठ्या कंपन्यांत गेले, मी गावी परत आले. डोक्यात एकच होतं, आपल्या भागात अंदाजानं पार्ट बदलायची पद्धत बंद करायची. गाडी असो की माणूस, मोजल्याशिवाय दोष द्यायचा नाही. गॅरेज माझ्या सख्ख्या मामाचं, यल्लाप्पा मेस्त्रीचं. आल्या आठवड्यातच मी भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं, 'आधी मोजा, मग उघडा.'

मामानं ते दोनदा वाचलं आणि पान्याला फडकं मारत म्हणाला, "ताप मोजल्यानं उतरत न्हाई, पोरी."

मामाचं शास्त्र एका वाक्याचं. गाडी कधी खोटं बोलत न्हाई आणि मालक कधी खरं बोलत न्हाई. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मामा आधी त्याच्या चपला बघतो, मग तोंड, मग गाडी.

*

संतू आला तेव्हा मामानं चपलांपासून तोंडापर्यंत सगळंच तपासून घेतलं.

संतू बाजारकुणंगकडच्या एका वाडीतला. घरी भातशेती. दर बुधवारी दवाखान्यातून लशीचा गार डबा आणि सिस्टर यांना गाडीवर घेऊन तीन वाड्या करायचं काम त्याच्याकडं होतं. एवढं एक काम त्याला बारमाही होतं, आणि गाडी आहे म्हणून होतं.

"सकाळी एका किकला सुरू होते," तो म्हणाला. "दिवसभर चालिवली तरी तक्रार न्हाई. पण तापल्यावर एकदा बंद केली की मेली! अर्धा तास हलत न्हाई. मग गार झाली की परत एका किकला."

मामानं किक मारली. एका किकला सुरू. बंद केली, परत मारली. सुरू. तिसऱ्यांदा मारली. सुरू!

"तापलेली न्हाई अजून," संतू कसनुसा म्हणाला.

"माझी सासू पण अशीच," मामा म्हणाला. "डॉक्टरच्या दारात ठणठणीत!"

संतू हसला नाही. दवाखान्यात नवीन आलेल्या डॉक्टर मॅडमनी त्याला तीनदा उशिराचं कारण विचारलं होतं, आणि तीनदा त्यानं हेच सांगितलं होतं. पण ज्या ज्या वेळी मॅडम स्वतः बाहेर येऊन बघायच्या, त्या त्या वेळी गाडी एका किकला सुरू व्हायची. आता तिकडं एका जीपवाल्याचं नाव चाललं होतं.

"खोटं बोलतोय," तो गेल्यावर मामा म्हणाला. "अर्धा तास कुठंतरी बसत असंल."

मी म्हटलं, "मोजलं का?"

*

उशीर टाळायचा म्हणून संतूनं एक युक्ती काढली होती. गाडी बंदच करायची नाही! सिस्टर आत जाऊन बाळाला टोचून येईपर्यंत हा अंगणात ॲक्सिलरेटर धरून उभा. हात काढला तर इंजिन बसायचं, म्हणून हात काढायचा नाही.

आता त्या वाड्यांवर एक रीत आहे. मयताचा निरोप घेऊन आलेला माणूस बसत नाही, पाणी घेत नाही. उभ्या उभ्या सांगतो आणि निघतो.

पहिल्याच बुधवारी एका घरातली मावशी तांब्या घेऊन बाहेर आली. तिचा मुलगा गोव्यात कामाला. तिनं संतूला बघितलं, चालू गाडी बघितली.

"पाणी घे रे."

"नको मावशी."

"बस तरी."

"बसाय जमत न्हाई, मावशी."

झालं! मावशीच्या हातातला तांब्या पडला. तिनं जी छाती पिटायला सुरुवात केली, ती ऐकून आजूबाजूच्या चार घरांतल्या बायका धावल्या. त्याही बघतात तर संतू उभाच, गाडी चालूच! त्यांनीही सूर लावला. सिस्टर सुई हातात तशीच धरून बाहेर पळत आल्या. संतू 'तसं न्हाई, तसं न्हाई' ओरडतोय, पण इंजिनच्या आवाजात कुणाला काय कळतंय?

शेवटी रेंज येते त्या टेकाडावर जाऊन एकानं गोव्याला फोन लावला. मुलगा जेवत होता.

"मी मेलो म्हणून सांगितलं कुणी?"

"संतूनं."

"काय म्हणाला तो?"

"काय म्हणतोय? पाणी नको म्हणाला!"

त्या दिवसापासून संतूनं प्रत्येक अंगणात गाडी बंद करायला, बसायला आणि पाणी प्यायला सुरुवात केली. आणि तिथं अर्धा अर्धा तास अडकायलाही.

*

जंगलातल्या रस्त्याला दोन टोकांना दोन गेट. आत जातानाची वेळ लिहून देतात, बाहेर पडताना बघतात. मध्ये थांबायचं नाही.

एकदा रस्त्यात गवा उभा. चालू गाडीला बुजून अंगावर येईल म्हणून संतूनं इंजिन बंद केलं. गवा पाच मिनिटांत गेला. गाडी गेली नाही! ढकलत ढकलत तो आणि सिस्टर पुढच्या गेटवर पोचले तेव्हा वीस मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास झालेला. संतू घामाघूम, आणि सिस्टरांच्या खांद्याला पट्ट्यानं लटकलेला गार डबा.

गेटवरच्या गार्डनं चिठ्ठी बघितली, मग डबा बघितला.

"एवढा वेळ जंगलात काय करत होता?"

"गाडी तापली."

"तापली? मग डबा गार कसा?"

संतूही डब्याकडं बघायला लागला.

"काय हाय आत?"

"लस."

"उघडा."

"उघडणार न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "गारवा जाईल."

"गार ठेवायसारखं काय हाय म्हणूनच विचारतो. रानडुकराचं मटण हाय काय?"

सिस्टरांच्या नोकरीची तीस वर्षं याच रस्त्यांवर गेलेली. त्यांनी शांतपणे डबा टेबलावर ठेवला.

"उघडते. पण उघडल्यावर वाया घालवायची न्हाई, असा नियम हाय. धनुर्वाताची सुई शेवटची कधी टोचून घेतली होती, अण्णा? बाही वर करा."

गेट वर गेलं!

*

मामाचा संशय आता माणसावरून पेट्रोलवर सरकला होता. पेट्रोलवरून तो प्लगवर आला, प्लगवरून कार्बोरेटरवर. त्यानं एक एक करून सगळं उघडलं, पुसलं, बसवलं. माझ्या फलकाखाली उभा राहून!

मी मीटर घेऊन उभी होते. पण गाडी गॅरेजात रुसायचं नावच घेईना. म्हणून एके दिवशी मीच ती घेऊन निघाले, गोव्याच्या रस्त्याला. वीस किलोमीटर पळवली, एका चहाच्या टपरीवर बंद केली, पाच मिनिटं थांबले आणि किक मारली.

नाही! दुसरी मारली. नाही! दहावी मारली, तरी नाही!

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी तिथंच उड्या मारल्या. मामाला फोन लावून ओरडले, "मामा, सुरू होत नाही! अजिबात होत नाही!"

"मग नाचतीस कशाला?"

मी घाईघाईनं प्लग काढला, टोपीत घालून इंजिनला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही! म्हणजे पेट्रोल निर्दोष, कार्बोरेटर निर्दोष. दोष ठिणगीकडं. आणि संतू खरं बोलत होता! ते सिद्ध झालं याचा मला ठिणगी सापडली असती तर झाला नसता एवढा आनंद झाला.

प्लग परत बसवून मान वर केली तर टपरीवाला आणि तीन ट्रकवाले माझ्याभोवती उभे.

"गाडी कुणाची, बाई?"

"संतूची."

"संतू कोण?"

"लस नेतो तो."

"मग तुम्ही का नेताय?"

मी सगळं समजावून सांगितलं. तापणं, रुसणं, मोजणं, सगळं. जितकं सांगत गेले तितकी त्यांची तोंडं वाकडी होत गेली. शेवटी टपरीवाल्यानं किल्ली काढून आपल्या खिशात टाकली.

"किल्ली कशाला?" एक ट्रकवाला म्हणाला. "सुरू होत न्हाई म्हणतीय न्हवं? पळून जाईल कुठं?"

मामा येऊन ओळख देईपर्यंत गाडी गार झाली होती. टपरीवाल्यानं खात्री करायला किक मारली. एका किकला सुरू! त्यानं माझ्याकडं जे बघितलं, ते मी अजून विसरलेले नाही.

*

मग एका गुरुवारी सकाळी डॉक्टर मॅडम स्वतः गॅरेजात आल्या. मागं संतू, त्यामागं सिस्टर. दोघांच्या माना खाली.

मॅडमनी पर्समधून लशीच्या डब्यातला एक बर्फाचा पॅक काढून टेबलावर आपटला.

"वास घ्या."

मामानं घेतला. "इंजिन ऑइल," तो लगेच म्हणाला. "जुनं."

"हा पॅक लशीच्या डब्यात असतो. त्याला ऑइलचा वास कसा? मी काल रात्री दोघांना विचारलं. हा म्हणतो, सिस्टरना विचारा. त्या म्हणतात, मी काय बघितलं न्हाई!"

मग सिस्टर पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "येताना होतो, मॅडम. लस संपली होती, डब्यात एक बाटली न्हवती. गाडी रस्त्यात रुसली. तापलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवतो, तशी ठेवली."

"गाडीच्या कपाळावर?"

"आणि सुरू झाली, मॅडम!" संतू म्हणाला.

"डबा रिकामा होता याला पुरावा काय?"

पुरावा नव्हता. मॅडमचा चेहरा कठीण झाला. "पुढच्या बुधवारी मी स्वतः मागं बसून येणार. गाडी एकदा जरी सुरू व्हायला नाही म्हणाली, तर त्याच्या पुढच्या बुधवारपासून जीप."

संतूनं मान हलवली. पण मला राहवेना. मी टेबलापलीकडून उडीच मारली. "पट्टी कुठं ठेवली होती?"

"उजवीकडं," सिस्टर म्हणाल्या.

"डावीकडं," संतू म्हणाला.

"टाकीखाली पण ठेवली होती."

"ती तर तुमी देवाचं नाव घेत होता तवा!"

मामा माझ्या कानाशी लागला. "बघ. दोघं एकाच गाडीवर होते, तरी साक्ष जुळत न्हाई. काहीतरी डाव हाय."

*

बर्फाचा पॅक मॅडम परत घेऊन गेल्या. मग मी बाजारात जाऊन कारवारहून मासळी येते तिच्या पेटीतला बर्फ आणला. पिशव्यांत भरला आणि गाडी तासभर पळवून, तापवून, गॅरेजात आणून बंद केली.

किक. नाही!

टाकीखालच्या कॉइलवर पिशवी ठेवली. दहा मिनिटं. किक. नाही! गाडी गार होऊ दिली आणि परत तापवून आणली. सीटखालच्या काळ्या डबीवर ठेवली. नाही! परत तापवून आणली. इंजिनच्या डाव्या झाकणावर ठेवली. मामा हाताची घडी घालून बघत होता. संतूनं डोळे मिटले होते.

किक. सुरू!

त्या झाकणाखाली नखाएवढी पिकअप कॉइल असते. कधी ठिणगी टाकायची, ते प्लगला तीच सांगते. धावत्या गाडीला वारा लागतो तोवर ती कसंबसं निभावते. गाडी थांबली की आतली उष्णता कोंडते, आणि मग ती मुकी होते.

झाकण उघडून मी मीटर लावला. गार असताना आकडा बरोबर. बर्फ काढून गरम पाण्याच्या बाटलीनं शेकली तसा आकडा चढत गेला आणि एकदम गायबच झाला.

मामानं मीटरकडं बघितलं. मग माझ्या फलकाकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

बोलला. "गाडीखालची ती दोन मांजरं आधी हाकल. मासळीचा वास सुटलाय."

नवी कॉइल बसली. मी गाडी सात वेळा तापवली, सात वेळा सुरू केली. प्लगवरची, त्याला वीज पोचवणारी टोपी दोनदा दाबून बसवली. मामानं आठव्यांदा स्वतः बघितलं आणि नवव्यांदा माझी पाठ वळल्यावर.

*

बुधवार आला. संतूच्या मागं मॅडम, मांडीवर डबा. माझ्या गाडीवर मागं सिस्टर. गाडी पुन्हा नाही म्हणाली तर मोजायला मी हवी, असं मीच म्हटलं होतं. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

पहिली वाडी. संतूनं गाडी बंद केली, सिस्टरनी दोन बाळांना टोचलं. किक. सुरू! दहा मिनिटांत आम्ही बाहेर. दुसरी वाडी. बंद. तीन बाळं. किक. सुरू! संतूनं टाकीवर हात फिरवला. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि इंजिनवरचा एकेक भाग कशाचा ते मला विचारून घेतलं.

तिसरी वाडी शेवटची, रानाच्या पार कडेला. चार बाळं. एकामागोमाग एक टोचून झाली, सिस्टरनी डबा मिटला. अंगणात बायका उभ्या होत्या, दहा-बारा तरी. कुणी जागची हलेना.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

त्यांच्यातली देवकीकाकी पुढं आली. "काय न्हाई. गाडी बरी झाली म्हणं?"

"हो."

"म्हणजे आता लगेच जाणार?"

"का? आणखी कुणाला काही त्रास आहे का?"

"त्रास काय, हाईच की. हिचे पाय सुजलेत, सातवा चाललाय." काकीनं एका पोरीला दंडाला धरून पुढं केलं. "त्या तिकडच्या म्हातारीची जखम भरंना. आधी गाडी बसायची अर्धा तास, तवा सिस्टर सगळ्यांचं बघायच्या. पोरं पण रडून शांत व्हायची, कुणाला ताप चढला तर तिथंच कळायचं. आता गाडीच सुरू होते, तर सांगाय टाइम कुठं हाय?"

मॅडमनी सिस्टरांकडं बघितलं. सिस्टर जमिनीकडं बघत होत्या. टोचल्यावर बाळाला अर्धा तास समोर ठेवायचं, हे त्यांनीच मला येताना वाटेत सांगितलं होतं.

"आणखी वाड्या नाहीत ना?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," संतू घाईनं म्हणाला. "पण निघूया, मॅडम. वेळेत पोचू आज. अगदी वेळेत!"

मॅडम हात धुते म्हणून अंगणाच्या कडेला, संतूच्या गाडीपलीकडच्या पाण्याच्या पिंपाकडं गेल्या. आम्ही सामान बांधलं. त्या परत येऊन उभ्या राहिल्या.

संतूनं किक मारली.

नाही!

दुसरी मारली. नाही. पाचवी, आठवी, बारावी. नाही! त्याच्या कपाळावरून घाम ठिबकायला लागला. "आता तर चालली होती, मॅडम. देवाशपथ! आता तर चालली होती!"

सात वेळा तापवली होती मी. मामाचा आवाज कानात घुमायला लागला. मी पान्याची पिशवी घेऊन धावले, गाडीशेजारी गुडघ्यावर बसले आणि हात आत घातला.

प्लगची टोपी निघून बाजूला लोंबत होती.

दोनदा दाबून बसवलेली टोपी! खड्ड्यानं निघत नाही ती. ओढावी लागते. मी मान वर करून बायकांकडं बघितलं. सगळ्या आभाळाकडं बघत होत्या. सिस्टर डब्याचा पट्टा ओढून बघत होत्या. मी टोपीला हातही लावला नाही.

मॅडम तोवर ओसरीवर बसल्या होत्या. सातवा महिना चाललेल्या त्या पोरीच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून त्या फुगा दाबत होत्या, आणि त्यांच्या मागं बायकांची रांग लागली होती.

"संतू," त्या म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी सकाळी अर्धा तास लवकर निघायचं. जमेल?"

"मी?" संतूनं किकवरचा पाय काढला. "मी, मॅडम?"

"मग कोण?"

मग आकड्यावरची नजर न काढता त्यांनी मला हाक मारली.

"ती टोपी इतक्यात बसवू नका हं. अर्ध्या तासातली अजून बावीस मिनिटं आहेत."